सोफ्यामागच्या भिंतीसाठी चित्राची प्रत: तयार फ्रेम घ्यावी की करून घ्यावी?

ओसरी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोरेगावच्या फ्लॅटमध्ये हॉलसाठी एखाद्या नावाजलेल्या चित्राची चांगली प्रत हवी आहे. सोफा साडेसहा फुटी, मागची भिंत कोरी. भिंत हॉल आणि बेडरूमच्या मधली आहे, म्हणजे बाहेरची नाही. पण समोर पश्चिमेची खिडकी आहे आणि तीननंतर ऊन थेट याच भिंतीवर येतं.

मनात रविवर्म्याचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे. ऑनलाइन तेच चित्र कुठे वडापावच्या भावात, तर कुठे सोन्याच्या. 'म्युझियम क्वालिटी' मात्र सगळ्यांनीच लिहिलंय. कॅनव्हास की कागद, काच की अ‍ॅक्रिलिक, तयार घ्यावं की नाक्यावरच्या फ्रेमवाल्याकडे द्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (दिवा आहेच.)

मिशीवाला | सोमवार, रात्री ९.५२

सुरुवातच दुरुस्तीने करतो. ते चित्र रविवर्म्याचं नाही, आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. नाव 'ग्लो ऑफ होप', १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि ऑइल नव्हे, जलरंग! मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. रविवर्म्याची चित्रंही तिथेच असल्यामुळे हा घोळ होत असावा. ज्या विक्रेत्याच्या पानावर खाली 'राजा रविवर्मा' लिहिलंय, त्याने फाइल कुठून उचलली हेही त्याला माहीत नसणार. चाळणी म्हणून उत्तम प्रश्न आहे हा.

टिंबटिंब | सोमवार, रात्री १०.१५

मिशीवाला +१. त्यात हक्काचीही भानगड आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. हळदणकर गेले १९६८ मध्ये, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा. रविवर्मा (१९०६), अमृता शेरगिल (१९४१), धुरंधर (१९४४) हे तिघेही कधीच मोकळे झालेत.

आता फाइलबद्दल, कारण प्रत बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. जवळून बघायच्या प्रतीला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरा. १६ × २४ इंच छापायचं तर ४८०० × ७२०० पिक्सेल हवेत. सोफ्यामागे मोठं चित्र लावलं की माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, तिथे १५० ते २०० चालून जातं. नेटवरून उतरवलेली १२०० × १८०० ची फाइल २४ × ३६ इंचांवर ताणली की हिशेब ५० डीपीआयवर येतो. चेहरा मेणाचा दिसतो, साडीचे काठ विरघळतात. सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवले तर कडा धारदार होतात खऱ्या, पण ब्रशचा फटकारा काही परत येत नाही.

विक्रेत्याकडे चित्राच्या एका कोपऱ्याचा शंभर टक्के झूमचा तुकडा मागा, आणि तो मेलवर मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आकसून येतो आणि तुम्ही बिचाऱ्या छापणाऱ्याला शिव्या घालता.

स्वतः फाइल घ्यायची तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो यांच्या संकेतस्थळांवर हक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट मिळतात. छापून घ्यायलाही आडकाठी नाही.

लाडकी_बेबीताई | सोमवार, रात्री १०.२१

फुकट शब्द वाचून थांबले. पुढे?

कसर | सोमवार, रात्री ११.०५

पुढे असं की, लोक पैसे फ्रेमच्या पट्टीवर उधळतात आणि मागच्या बाजूला काटकसर करतात. मुंबईत चित्र मागून मरतं. दुकानात गेलात की तयार फ्रेम आधी उलटी करून बघा.

मागे उघडा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणि त्यावर खाकी चिकटपट्टी दिसली तर परत ठेवून द्या. एमडीएफ पावसाळ्यात ओल पितो आणि फुगतो, लाकडातलं आम्ल कागदाला लागतं आणि कागद पिवळा पडतो. चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पाझरून पुढे तेलकट डाग येतो, तो निघत नाही. वाळवी आणि कसर हे तर घरचेच पाहुणे.

चांगल्या फ्रेमची घडी अशी: काच, मग आम्लविरहित माउंट (चित्रापुरती खिडकी कापलेला पुठ्ठा), मग चित्र, त्यामागे तसलाच आम्लविरहित पुठ्ठा, मग पॉलिप्रॉपिलीनची नालीदार शीट किंवा ५ मिमी सनबोर्ड, आणि पट्टी व शीटमधली फट कागदी टेपने बंद. चित्र कशालाही पूर्ण चिकटवायचं नाही. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या.

मोकळ्या का, तर कागद हवेतली ओल घेऊन पसरतो आणि एसी लागला की आकसतो. चारी बाजूंनी टेप मारलेल्या कागदाला पसरायला जागा नसते, मग तो पापडासारखा लाटा धरतो. फ्रेमवाल्याला "चारों तरफ टेप मत मारो" हे आधी सांगावं लागतं. तो "कुछ नहीं होता" म्हणेल. सप्टेंबरमध्ये होतं.

मुलुंडचा_म | मंगळवार, सकाळी ८.१०

एवढा व्याप कशाला? कॅनव्हासवर छापा, लाकडी चौकटीवर ताणा, लावा. काच नाही, चमक नाही, वजन नाही.

कागदी | मंगळवार, सकाळी ९.३३

@मुलुंडचा_म, ऑइल पेंटिंगची प्रत असेल तर अर्धं पटतं. जलरंग, लघुचित्र, जपानी लाकूडछाप कॅनव्हासवर छापणं म्हणजे पुरणपोळी पावात घालून खाणं.

कॅनव्हास घ्यायचाच तर फ्लेक्सवाल्याकडचा नको. भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ज्या सॉल्व्हंट मशीनवर निघतात, त्याच मशीनवर पॉलिस्टरचं कापड चढवून 'कॅनव्हास प्रिंट' विकतात. पहिले काही दिवस हॉलमध्ये वास येतो, आणि चेहऱ्यावरचे हलके रंग दाणेदार दिसतात. पिग्मेंट शाईचं (रंगकणांची शाई; डाय शाईत रंग विरघळलेला असतो) मशीन आणि ३५० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला ग्रॅम) कॉटन किंवा पॉलिकॉटन कापड मागा. चौकट किमान दीड इंच जाड हवी, चारी बाजूंनी अडीच-तीन इंच कापड जास्तीचं. कडेवर चित्र वळवायचं की आरशासारखं उलटं छापायचं की पांढरं ठेवायचं, हे आधी ठरवा. नाहीतर बाईचा हात कडेवर जातो.

वर पातळ संरक्षक कोटिंग नसेल तर कोपऱ्यात घडी पडते तिथे शाई तडकून पांढरी रेघ दिसते. पावसाळ्यात कापड सैल पडलं तर चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी ठोकून ताण परत आणता येतो, पण त्यासाठी कोपरे पाचरीचे असावे लागतात. स्टेपलने पक्के केलेले असतील तर हरि हरि.

कागदावर छापायचं तर १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएमच्या आसपासचा मॅट. चकचकीत फोटो कागदावर चित्राचा लग्नाचा अल्बम होतो.

पाचर | मंगळवार, सकाळी ९.४१

माझ्या नावाचा उल्लेख झाल्याबद्दल आभार.

टिंबटिंब | मंगळवार, सकाळी १०.५८

कागदींनी सांगितलेला कागद खरंच तोच आहे का, हे ओळखायला नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च पुरतो. अंधारात कागदाच्या कोऱ्या कडेवर मारा. लख्ख निळा चमकला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत. ती काही वर्षांत निकामी होतात आणि कागद पिवळट दिसायला लागतो. रसायनं नसलेला कागद टॉर्चखाली मंदच राहतो. दिवसा तो थोडा दुधाळ दिसतो, तो त्याचा दोष नव्हे.

शाईसाठी टाकाऊ पट्टी मागा, पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने बोट फिरवा. डाय शाई बहुधा पसरते, पिग्मेंट फारशी हलत नाही. उन्हाच्या खोलीत डाय शाई घेऊच नये, आधी गुलाबी उडतो आणि चित्रातल्या सगळ्यांना कावीळ होते.

आणखी एक. छापून आल्या आल्या फ्रेममध्ये बंद करू नका, २४ तास उघडं ठेवा. शाईतले द्रव पूर्ण उडालेले नसतील तर काचेच्या आतून धुरकट थर जमतो. लोकांना तो ओलीचा वाटतो.

अंधेरीचा_उजेड | मंगळवार, दुपारी १.२०

काचेबद्दल कोणी बोलेना म्हणून. साध्या २ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ५ किलो. २४ × ३० इंचाची काच सव्वादोन किलोची, ३ मिमी घेतली तर साडेतीन. तेच २ मिमी अ‍ॅक्रिलिक एक किलोच्या थोडं वर. कुरियरने मागवणार असाल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या, फुटलेली काच सगळ्यात आधी चित्रच कापते. पण दोन फुटांपुढे २ मिमी अ‍ॅक्रिलिक मधोमध वाकतं, तिथे ३ मिमी लागतं. ते पुसायला अमोनियाचा स्प्रे वापरू नका, धुरकटतं. आणि काच असो वा अ‍ॅक्रिलिक, स्प्रे फडक्यावर मारा. काचेवर मारला की ओघळ खालच्या खाचेत उतरतो आणि माउंटची कड तपकिरी होते.

दुकानदार 'नॉन-ग्लेअर' म्हणून जी खरबरीत काच देतात ती नको. चित्राला चिकटून असेल तरच स्वच्छ दिसते, माउंटच्या जाडीइतकी दूर गेली की सगळं धुक्यात. परावर्तन रोखणारी कोटिंगची काच वेगळी, ती महाग असते आणि तिरक्या नजरेने हिरवट-जांभळी झाक देते.

ओसरी, तुमच्या उन्हाला यूव्ही (अतिनील किरण अडवणाऱ्या) अ‍ॅक्रिलिकचा उपयोग होईल, पण अर्धाच. रंग साध्या प्रकाशानेही उडतात. संग्रहालयांत कागदावरच्या कामांना ५० लक्स प्रकाश देतात, तुमच्या भिंतीवर तीन वाजता त्याच्या शेकडोपट असेल. खिडकीला पडदा लावा.

मुलुंडचा_म | मंगळवार, दुपारी १.३१

म्हणजे चित्र घ्या आणि पडदा लावा. वा.

चिमणराव_नव्हे | मंगळवार, दुपारी ३.०२

थोडं अवांतर. प्रतच का? याच पैशात जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर पदपथावर बसणाऱ्यांकडून किंवा जेजे कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातून अस्सल चित्र मिळतं. शिवाय जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये सुरू झालेली केमोल्ड गॅलरी ही मुळात फ्रेमच्या धंद्यातूनच उभी राहिली. या शहरात चौकट आधी आली आणि चित्रकार नंतर चिकटले!

ओलेओ | मंगळवार, दुपारी ४.४५

अवांतरात भर. रविवर्म्याचंच हवं असेल तर आजच्या छापील प्रतीपेक्षा जुना ओलिओग्राफ (दगडावरून छापलेलं रंगीत चित्र) बघा. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला, नंतर मळवलीला गेला. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर 'ओरिजिनल' म्हणून जे दाखवतात त्यात ऑफसेटच्या प्रती भरपूर.

दहापट भिंग न्या आणि गालावर धरा. ठिपके एकसारख्या अंतराने, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसलेले दिसले तर ते ऑफसेट. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने टिंबलेले असतात, लहानमोठे, वेडेवाकडे, आणि ओठांच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेला असतो. शाईचे फवाऱ्यासारखे विखुरलेले सूक्ष्म कण दिसले तर ते गेल्या महिन्यातलं, प्रिंटरवरचं.

मागची बाजूही बघा. जुन्या फ्रेममध्ये मागे फळ्या असायच्या. फळीच्या आम्लाने कागदावर तपकिरी पट्टे उमटतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीची रेघ वेगळी दिसते. चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो. चहाला रेघ ओढता येत नाही.

कसर | मंगळवार, सायंकाळी ६.१०

ओलेओ, फळ्यांचं लाख बोललात. पण ओसरींना हॉलसाठी एक चित्र हवंय, आपण त्यांना भिंग घेऊन मटन स्ट्रीटवर पाठवतोय.

ओलावा | मंगळवार, रात्री ८.२६

कसर यांच्या एका मुद्द्याला विरोध. मागची फट टेपने बंद करा हे ठीक, पण कधी? जुलैत बंद केलीत तर दमट हवा आत कोंडते. संध्याकाळी एसीने काच गार पडली की आतून बाष्प धरतं आणि काचेला टेकलेला कागद काचेलाच चिकटतो. फ्रेमचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. पावसाळ्यातच करायचं तर चित्र, माउंट, पुठ्ठे सगळं एक दिवस एसीच्या खोलीत पडू द्यावं आणि तिथेच बंद करावं. माउंटशिवाय फ्रेम करायची तर काच आणि चित्रामध्ये पट्टीच्या खाचेतून स्पेसर (अंतर राखणारी बारीक पट्टी) हवाच.

कसर | मंगळवार, रात्री ८.४०

मान्य. पण उघडी ठेवलेली फ्रेम जास्त वाईट, कसर आत शिरते. (मी नव्हे.)

ओलावा | मंगळवार, रात्री ८.४४

खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, निदान ५ मिमीची. भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळली पाहिजे. बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः दक्षिण-पश्चिमेच्या, कागदावरचं काही लावूच नये, पाऊस त्याच बाजूने झोडपतो. ओसरींची भिंत आतली आहे, सुटल्या.

ओसरी | मंगळवार, रात्री १०.०२

बाप रे. सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: कागद, माउंट, अ‍ॅक्रिलिक, पडदा. हळदणकर मात्र २०२९च्या जानेवारीत, तेव्हा धागा वर काढते. आता आकार किती घेऊ? आणि भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची) आहे असं बिल्डरचा माणूस म्हणतो.

कागदी | मंगळवार, रात्री १०.४०

सोफा ७८ इंच. वरची मांडणी साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ५२ इंच रुंद भरते. एवढं एकच चित्र घेतलं तर फाइल, काच, वजन सगळंच अंगावर येतं. शिवाय चित्राचा मूळ आकारही बघा. जपानी चित्रकार होकुसाईची 'लाट' हा लाकूडछाप, मुळात जेमतेम १५ × १० इंचांची आहे. ती चार फुटांवर ताणली की छापाची रेघ दोरखंडासारखी दिसते.

म्हणून माझं मत: लाट आणि त्याच मालिकेतला लाल फूजी पर्वत, दोन्ही मूळ आकारात. चारी बाजूंना ४ इंच माउंट, म्हणजे काच २३ × १८. एक इंची पट्टी धरून बाहेरून साधारण २५ × २०. दोन फ्रेम आणि मध्ये २ इंच मोकळे, झाले ५२. फाइल प्रत्येकी ४५०० × ३००० पिक्सेल पुरते. पट्टीचा भाव रनिंग फुटावर सांगतात, तर हिशेब असा: काचेचा घेर ८२ इंच, त्यात पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवा, ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. दोघांची मिळून पंधरा. कापण्यात थोडं वाया जातं, पण वीस फुटांचं बिल आलं तर विचारा.

मुलुंडचा_म | मंगळवार, रात्री १०.४७

गोरेगावात जपानी लाट कशाला? जुहूला जा, खरी आहे.

लाडकी_बेबीताई | मंगळवार, रात्री १०.४९

जुहूच्या लाटेला माउंट परवडत नाही.

मिशीवाला | मंगळवार, रात्री ११.१२

मराठी घरात धुरंधर का नको? हक्क मोकळे आहेत.

टिंबटिंब | मंगळवार, रात्री ११.२०

हक्क मोकळे असले तरी तेवढी मोठी, स्वच्छ फाइल हाताशी हवी ना. पुस्तकातल्या पानाचं स्कॅन मोठं केलं की चित्राबरोबर छपाईचे ठिपकेही मोठे होतात.

पाचर | बुधवार, सकाळी ७.५५

टांगण्याचं माझ्याकडे. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक वाटीएवढं होतं. भोक गिट्टीपेक्षा (स्क्रू धरणाऱ्या बुचापेक्षा) एक मिलिमीटर बारीक पाडा, आणि गिट्टी सिपोरेक्ससाठीच बनवलेली नायलॉनची लांब घ्या. साधी लाल-पांढरी गिट्टी प्लास्टरच्या पुढे जेमतेम पोचते आणि महिन्याभरात स्क्रूसकट हातात येते. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच उभा जातो. चिकटणाऱ्या पट्ट्या काचेच्या फ्रेमला नकोच, डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच सुटतात.

फ्रेमला मागे डी-रिंगा (तार ओवायच्या कड्या) वरून एक तृतीयांशावर, आणि प्रत्येक फ्रेमला भिंतीत दोन हूक. एका हुकावरची फ्रेम दार आपटलं की तिरकी होते. उंचीचा नियम: चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंच. ५७ धरा, त्यात फ्रेमची अर्धी उंची १० मिळवा, ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते वजा करा. ४ इंच येत असेल तर हूक ६३ वर. खालची कड ४७ इंचांवर येते. सोफ्याची पाठ ३६ ते ४० असेल तर मध्ये ७ ते ११ इंच मोकळे. आठच्या वर अंतर गेलं तर दोन्ही तेवढ्या खाली घ्या, नाहीतर चित्रं सोफ्याशी अबोला धरल्यासारखी दिसतात.

भोक पाडण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे दोन कागद कापून भिंतीवर एक दिवस लावून ठेवा.

ओसरी | बुधवार, सकाळी ९.१५

दोन कागद लावले. घरात सगळ्यांचं मत: दोन्ही दोन इंच खाली. घेतले.

आता शेवटचं. डावीकडे कोण, उजवीकडे कोण?

कागदी | बुधवार, सकाळी ९.३०

लाट डावीकडे. ती डावीकडून उसळून उजवीकडे वळते. फूजीचं शिखर उजव्या बाजूला आहे आणि त्याचा उतार डावीकडे घसरत येतो. असं लावलं की दोन्ही चित्रं मधल्या दोन इंचांकडे बघतात. उलट लावलंत तर लाट थेट तुमच्या बेडरूमच्या दारावर जाईल.